जयवंताबाईंचा लेप

आदिलाबादजवळच्या बेला गावात कोणाचं डोकं ठणकायला लागलं की माणूस आधी जयवंताबाईंच्या अंगणात यायचा. त्या सहाणेवर सुंठ न् जायफळ उगाळत, लेप जरा कोमट करून कपाळाला लावत आणि ओसरीत डोळे मिटून पडायला सांगत. बहुतेकांना अर्ध्या तासात बरं वाटायचं.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांचंच डोकं धरलं. सकाळी उठल्याबरोबर मानेमागून कळ चढायची. लेप लावला, उतरलं नाही. जायफळ वाढवलं, तरी नाही. शेजारीण म्हणाली पित्त आहे, थंड घ्या. जाऊबाई म्हणाल्या सर्दी आहे, वाफ घ्या. थंड घेतलं की त्यांना वाटे, गरम घ्यायला हवं होतं. चहा सोडला, दोन दिवसांनी पुन्हा धरला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना उपाय सांगणाऱ्या बाईला स्वतःसाठी काय करावं तेच उमगेना.

शेवटी सून पूनम त्यांना बसनं आदिलाबादला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दोनदा बीपी मोजलं, नर्सबाईंशी तेलुगूत बोलले आणि मग हिंदीत पूनमला समजावलं. बीपी बरंच वाढलं होतं, गोळी रोज घ्यावी लागणार होती.

"मंग सुंठीनं काऊन नाई उतरलं, ते इचार त्यायले," जयवंताबाई म्हणाल्या.

पूनमनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, साध्या डोकेदुखीला लेपानं आराम पडतो, जरूर लावा. पण रोज रोज दुखत असेल तर आधी बीपी मोजायचं. ते वाढलेलं राहिलं तर लकवासुद्धा होतो.

परतीच्या बसमध्ये जयवंताबाईंच्या डोळ्यांपुढे गावातले चंपतराव उभे होते. दोन वर्षांपूर्वी आठ दिवस रोज ते लेप लावून घ्यायला आले होते. नवव्या दिवशी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हा कोणी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नव्हता, त्यांनीही नाही.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी त्या चंपतरावांकडे गेल्या. ते दारात खाटेवर बसले होते. जयवंताबाईंनी विचारलं, तेव्हा दवाखान्यात का नाही गेलात?

चंपतराव शब्द जुळवत सावकाश बोलले. "तुमचा लेप लावला का बरं वाटे. म्हनून नाई गेलो."

त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं जयवंताबाईंना वाटलं. माफी मागावी तर कशाची, हेही कळेना. लेपानं आराम पडला होता, हे खरं होतं. त्या आरामानंच घात केला असेल, हेही खरं असू शकत होतं.

तेवढ्यात चंपतराव म्हणाले, "कालपासून कपाळ दुखून राह्यलं. लेप लावता का?"

त्या दचकल्या. त्यांनी आत चंपतरावांच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, गोळी रोज चालू आहे, कालच आरोग्य केंद्राच्या आशाताईनं घरी येऊन बीपी मोजलं, बरोबर होतं. जयवंताबाईंनी तिला पुन्हा विचारलं, किती होतं. तिनं आकडा सांगितला. तो चांगला की वाईट, हे त्यांना कळत नव्हतं, तरी त्यांनी तो मनात दोनदा घोकला.

मग तिथलीच सहाण घेऊन त्या बसल्या. सुंठ उगाळली, लेप कोमट केला. लेप लावल्यावर चंपतरावांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बरं वाटते."

आनंद मानावा की नाही, ते जयवंताबाईंना ठरवता येईना. जाताना त्यांनी चंपतरावांच्या बायकोकडून आशाताईचा नंबर मागून घेतला.