विमलाबाई ठणठणीत आहेत

साउथहॅम्प्टनच्या विमलाबाईंना कुणी "कशा आहात?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असे, "अगदी ठणठणीत!" मग भले त्या भिंतीला धरून उभ्या का असेनात. लेकीच्या, रेखाच्या जन्मापासून, म्हणजे एकतीस वर्षं, त्या डुलत चालत. ओळखीच्या बायका म्हणत, संधिवात. गोदीत नोकरी केलेले त्यांचे यजमान भीमराव म्हणत, "आमचं जहाज आलं बघा."

त्र्याण्णव साली नव्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागवले आणि खरं काय ते कळलं. बाळंतपणात मूल अडलं म्हणून ओटीपोटाखालचा हाडांचा सांधाच कापला होता. ना आधी विचारलं, ना नंतर सांगितलं. त्या दिवसापासून भीमरावांची थट्टा बंद झाली. विमलाबाईंनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

कोर्टात जायची मुदत केव्हाच टळली होती. रेखाने अपंगांच्या सरकारी भत्त्यासाठी अर्ज केला. तपासायला डॉक्टर घरी आला, तर बाईंनी ठेवणीतली साडी नेसून त्याला बटाटेवडे खाऊ घातले. वर कठडा धरून जिना चढल्या आणि रेखाच्या पदवीची फ्रेम दाखवून आणली. महिन्याभरात नकार आला.

"आई, ऑनेस्टली! तो तुझं वॉकिंग चेक करायला आला होता, आणि तू त्याला हाउस टूर दिलीस?"

"मग काय, पाहुण्यासमोर कण्हत बसू?"

रेखाने अपील केलं. सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे निर्णय देणारे तिघे बसले होते. पहिलाच प्रश्न आला, "बसस्टॉप किती लांब आहे?"

"पाच मिनिटं," विमलाबाई ताठ बसून म्हणाल्या.

"माझ्या पायांनी पाच," भीमराव मध्येच बोलले. "हिला पंचवीस लागतात. तेही दोनदा बसून."

"अहो, तुम्हाला विचारलंय का?" त्या मराठीत फिस्कारल्या. टेबलापलीकडे शब्द कळला नसावा, सूर मात्र नेमका कळला. तिघेही हसू दाबत कागदांत पाहू लागले.

मग त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "सांधा कापण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

विमलाबाईंचा ताठपणा तिथे सैल पडला. "नाही," त्या म्हणाल्या. "असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि त्या बोलत सुटल्या. बाळंतपणानंतर दोन महिने कूससुद्धा बदलता यायची नाही. रेखाला कडेवर घेऊन कधी चालता आलं नाही. खोकला आला की कपडे बदलावे लागत, म्हणून लग्नसमारंभ टाळले. भीमराव खाली मान घालून ऐकत होते. यातलं अर्धं त्यांनाही नवं होतं.

भत्ता मंजूर झाला. घरी जाताना टॅक्सीत भीमराव म्हणाले, "एवढी वर्षं बायको ठणठणीत म्हणून मिरवत होतो. फसवलंस की मला!" खूप दिवसांनी थट्टा ऐकून बाई खुदकन हसल्या.

रेखा तेवढ्यावर थांबली नाही. तिने हॉस्पिटललाही पत्र धाडलं. आठ महिन्यांनी माफीच्या तीन ओळी आल्या. विमलाबाईंनी चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या, डोळे पुसले आणि पत्र रेखाच्या हातात ठेवलं.

"नावाचं स्पेलिंग चुकलंय. परत पाठव."

"आई, सॉरी म्हटलंय ना त्यांनी!"

"कुणाला? ही विलमा कोण ते मला ठाऊक नाही."

दुसरं पत्र पंधरा दिवसांत आलं. त्यात नाव बरोबर होतं.