फरशीखालची विहीर

मुलांनो, डोळे मिटा आणि एक यंत्र मनात आणा. त्याला ना घर, ना अंगण. लोकांनी इंटरनेटवर जे जे लिहून ठेवलंय, ते वाचत बसायचं आणि त्यातून एकेक गोष्ट शिकायची, एवढंच त्याला ठाऊक. मीठ खारट असतं. घुबड रात्री जागतं. ते बरोबर शिकलं की चूक, हे तपासायला माणूस लागतं. आपल्या गोष्टीत ते माणूस म्हणजे ठकीची आत्या.

आत्या घरी बसूनच काम करायची. पडद्यावर वाक्य उमटलं की 'बरोबर' नाहीतर 'चूक' दाबायचं. जे चूक ठरेल, ते यंत्र हळूहळू सोडून द्यायचं.

एका दुपारी वाक्य आलं : "गिरणीमागच्या शेवटच्या घरात विहीर आहे."

आत्याला हसू फुटलं. "ठके, ऐकलंस का? आपल्या घरात विहीर आहे म्हणे. आणि मी मेली नळापुढे बादली घेऊन ताटकळते."

"कुठंय विहीर?" ठकीनं टेबलाखाली डोकावत विचारलं.

"त्याच्या डोक्यात." आत्यानं 'चूक' दाबलं.

दुसऱ्या दिवशी आलं : "विहिरीवर फळ्या टाकून स्वयंपाकघर बांधलं."

आत्यानं कामावरच्या साहेबांना फोन लावला.

"अहो ताई, कुणीतरी लहानपणच्या आठवणी लिहिल्या असतील, त्यानं वाचल्या. घर तुमचंच ना? मग तुमच्याहून जास्त कुणाला माहीत?"

"तेही खरंच. रोज मीच पुसते ती फरशी."

मग यंत्रानं असं वाक्य पुढं केलं, जे कुणीच लिहिलेलं नव्हतं. ओलीत लाकूड कुजतं, हे ते भलत्याच पानांवरून शिकलं होतं. दोन्ही गोष्टी त्यानं आपल्या आपण जोडल्या : "त्या फळ्या कुजल्या आहेत."

आत्यानं एकदा मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तरी बोट सवयीनं 'चूक'वरच गेलं.

यंत्रानं विहिरीचं नाव सोडलं. बऱ्याच दिवसांनी, गुणी मुलासारखं, एवढंच म्हणालं : "गिरणीमागच्या शेवटच्या घरात विहीर नाही."

"शिकलं बाई एकदाचं." आत्यानं 'बरोबर' दाबलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

इकडे ठकीच्या हातून गोटी निसटली. कुणी न ढकलता ती उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरली, आत्याच्या पायांशी गोल गोल फिरली आणि फरशीच्या फुटक्या कोपऱ्यातून खाली गेली. ठकीनं कान टवकारले. काहीच नाही. मग फार खालून आवाज आला. डुबुक.

कपात साखर घालणारा आत्याचा हात थांबला.

"आत्या, पाय उचलू नकोस," ठकी हळूच म्हणाली. "सरकत सरकत ये."

आणि ती उंबऱ्यावर पालथी झोपली, पाय दाराच्या चौकटीला अडकवले आणि दोन्ही हात जमतील तेवढे लांब केले.