सत्यशीलाच्या संघाला लागलेलं बोट

थांबा, मला बाजूला सारू नका. मी सत्यशीलाचा मोबाइल. रोज तुमचं ऐकून घेतो, आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा आज मी बोलणार.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. दगडोबांनी मला हिंगोलीच्या दुकानातून सदऱ्याच्या खिशात घालून शिरड शहापूरला आणलं. मेंढरं राखणारा माणूस. लेक कॉलेजात गेली म्हणून मला घेतलं आणि तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "बाई, हा तुजा."

यंदा कॉलेजात खेळाच्या सरांनी एक टूम काढली. परदेशात फुटबॉलचे सामने चालतात ना, त्यांतल्या खऱ्या खेळाडूंमधून ॲपवर आपला संघ निवडायचा. ते मैदानात जसं खेळतील तसे आपल्याला गुण. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. बदल करायचे ते सामने सुरू व्हायच्या आत. आठ आठवड्यांत जो पहिला येईल, तो कॉलेजच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक होऊन नांदेडच्या स्पर्धेला जाणार. सत्यशीलाला जायचं होतं. जेवताना, झाडताना, बसमध्ये, पोरीच्या तोंडी तेवढंच.

सुरुवात कशी केली ते विचारू नका. पहिल्या आठवड्यात जर्सीचे रंग बघून खेळाडू घेतले, त्यातले पाच मैदानात उतरलेच नाहीत. पुढं दोघं जखमी झाले, नावापुढं लाल खूण आली, तरी ही त्यांना काढीना. "आजारी कोकरू कुणी कळपातून हाकलतं का?" असं मलाच विचारायची. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. शेवटून दुसरा नंबर होता बाईसाहेबांचा!

तिला सुधारलं दगडोबांनी. ती दुपारी भाकरी घेऊन रानात जायची, मेंढरं सावलीला बसलेली असायची, आणि ती बापाला माझ्यावर सामने दाखवायची. त्यांना गोल कशाला म्हणतात तेही नीट कळत नव्हतं. पण ते चाल बघायचे.

"हे पोरगं उजव्या पायावर भार देईना गेलं. खुराला काई तरी झालं असंल."

"बाबा, माणसाला खूर नसतेत."

"मग टाचेला."

दोन दिवसांनी बातमी आली, टाच दुखावली. दगडोबा म्हणाले, "आजारी जनावर हाकलायचं नसतं बाई, पर चरायलाबी न्यायचं नसतं." तेव्हापासून ती अशांना बाकावर, म्हणजे राखीव, बसवायला शिकली. सातव्या आठवड्यात पोरगी पहिली होती.

शेवटचा आठवडा आला. सगळ्या कॉलेजचा लाडका एक आघाडीचा खेळाडू होता, जो तो त्यालाच कर्णधार करायचा. दगडोबांनी त्याचा मागचा सामना दोनदा बघितला. "लंगडून राहिला हा. अन् लपवूनबी राहिला." सत्यशीलानं त्याला बाकावर बसवलं आणि एका किडकिडीत पोराला कर्णधार केलं. शनिवारी सामने, आणि त्याच दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा, तिथं मोबाइल चालत नाही, म्हणून मला घरी चार्जिंगला लावून गेली.

आणि आला प्रभू! तिचा चुलतभाऊ. माझं लॉक त्यानं तिच्या बोटांकडं चोरून बघून शिकून घेतलं होतं. "हिला काय कळतं फुटबॉलमधलं," म्हणत त्यानं त्या लंगड्याला आत घेतलं आणि कर्णधार केलं. मी विचारलं, 'नक्की बदल करायचा का?' मला तेवढंच विचारता येतं. त्यानं 'हो' दाबलं. ज्याचं बोट पडेल त्याचं ऐकायचं, असलं माझं फुटकं नशीब.

मग मला खिशात घालून हा चहाच्या हॉटेलात. "आमचा संघ पहिला येऊन राहिला. कर्णधार मीच निवडला." बाराव्या मिनिटाला तो लाडका लंगडत बाहेर गेला. किडकिडीत पोरानं दोन गोल मारले, पण कर्णधार आता तो नव्हता. सहा गुणांनी प्रियदर्शनी नावाची मुलगी पुढं गेली. तसा प्रभू त्याच बाकड्यावरून म्हणाला, "सत्यशीलाचा संघ हरला." अरे, जरा तरी लाज!

प्रभूनं मला घरी आणल्यावर सत्यशीलानं सगळं बघितलं. "काहून हात लावला?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं. एवढं काय बिघडलं? खेळच हाय."

दगडोबा खाली बघत म्हणाले, "जाऊ दे बाई. भाऊ हाय."

प्रभूपेक्षा मला दगडोबांचाच राग जास्त आला. खरं काय ते त्या माणसाला ठाऊक होतं!

सत्यशीला बापाकडं वळली. "बाबा, तुमी नसताना यानं तुमची मेंढी सोडून देली असती अन् तिच्या जागी लंगडी बांधली असती, तर 'भाऊ हाय' म्हणले असते का?"

सोमवारी सकाळी दगडोबांनी प्रभूचं मनगट धरलं आणि त्याला बसनं थेट कॉलेजात नेलं. सरांपुढं प्रभूला बोलावं लागलं, "मी बदललं. तिला न इचारता." सरांना वाईट वाटलं. पण नियम सगळ्यांना एक, म्हणाले. प्रियदर्शनी नांदेडला गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत सत्यशीला फाटकाशी उभी होती. मी तिच्या मुठीत होतो आणि तिची बोटं मला रुतत होती.

काल प्रभू परत आला. "जरा मोबाइल घेतो, दोन मिन्टं." आणि माझ्याकडं हात नेलाही!

"थांब," दगडोबा ओट्यावरून ओरडले. "तिला इचार."

प्रभूला विचारायची सवय कुठली? हात तसाच पुढं ठेवून म्हणाला, "देती का?"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली.

तो पाय आपटत गेला. माझा राग मात्र उतरलेला नाही. नांदेड गेलं ते गेलं, ते काही मला परत आणता येत नाही. म्हणून तुम्हालाही बजावून सांगतो. माझ्यावर बोट ठेवायच्या आधी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर मुकाट्यानं हात मागं घ्या.