स्थळांची सीडी

सातव्या सीडीनेही दगा दिला. श्यामकांत सबनीसांनी ती मशीनमधून काढली, खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि मुकाट्याने टेबलाच्या कडेला ठेवली. इंदुमतीबाईंनी लगेच तिच्यावर आपला चहाचा कप ठेवला.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "उद्या वधू-वर मेळाव्यात सगळ्या कार्यकारिणीला बशा पुरतील."

"हसा तुम्ही. सकाळपासून वैजयंतीबाईंचा दोनदा फोन येऊन गेलाय."

"काय म्हणतात अध्यक्षबाई?"

"उद्या दहाला नोंदवही सुरू झाली तर ठीक. नाहीतर सगळी स्थळं त्यांच्या आशयच्या वेबसाइटवर. बिल्कुल फायनल, म्हणाल्या."

दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरच्या बैठकीत डिसेंबरचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. खालच्या रस्त्यावरून बाजाराला निघालेल्या बायकांचे आवाज येत होते. शनिवार असल्यामुळे सबनीसांना ऑफिस नव्हतं, आणि गेले दोन दिवस दाढीचंही भान नव्हतं.

नोंदवही म्हणजे वही नव्हेच. एकोणनव्वद साली सबनीसांच्या खात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लोक त्याच्यावर कव्हर घालून ठेवायचे. सबनीसांनी मात्र कव्हर काढलं, आणि तीन महिन्यांत महाराष्ट्र मंडळाच्या वधू-वर विभागासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. सगळा एका फ्लॉपीवर. फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, की दुसरंतिसरं काही न विचारता पडद्यावर प्रश्न यायचा, 'आडनाव?' मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती. पुढे नाव, वय, शिक्षण, राहण्याचा भाग. भागांचे नऊ आकडे होते. एक म्हणजे सरोजिनी नगर, दोन म्हणजे नेताजी नगर, तीन म्हणजे कॅंटोनमेंट, असं करत आठपर्यंत, आणि नववा 'इतर'. त्या काळी इतरमध्ये चुकूनमाकून कुणी असायचं. आता दोन हजार तीन साली गुडगाव, नोएडा, द्वारका, वैशाली मिळून निम्मी मंडळी इतर झाली होती. तीन वर्षांपूर्वी इंदुमतीबाई नोएडाच्या फ्लॅटमध्ये गेल्या, तेव्हा त्याही इतरांत जमा झाल्या आणि त्यावरून त्यांनी सबनीसांना महिनाभर धारेवर धरलं.

या फ्लॉपीने एकशे त्रेचाळीस लग्नं जमवली होती. जमवणारा स्वतः बिनलग्नाचा राहिला, यावर सुरुवातीला मंडळात भरपूर थट्टा झाली. मग लोक कंटाळले.

दर रविवारी संध्याकाळी सबनीस कीबोर्डपाशी आणि इंदुमतीबाई फोनपाशी, हा चौदा वर्षांचा शिरस्ता होता. नऊ वर्षांपूर्वी इंदुमतीबाईंचे यजमान गेले, तेव्हा फक्त तीन महिने तो मोडला. चौथ्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी त्या आल्या, फोन जवळ ओढला आणि म्हणाल्या, "हं, कुठवर आलो होतो आपण?" सबनीसांनी फ्लॉपी आत घातली.

सबनीसांच्या घरी ठेवलेलं मंडळाचं जुनं मशीन ऐन दिवाळीत कायमचं बंद पडलं. वैजयंतीबाईंच्या मुलाच्या, आशयच्या, गुडगावच्या कंपनीने मंडळाला एक नवंकोरं दिलं. देखणं, चपळ, आणि फ्लॉपी घालायला जागाच नाही. त्याला त्या जुन्या व्यवस्थेची ओळखही नव्हती. तेव्हा सबनीसांनी ऑफिसातल्या मशीनवर फ्लॉपीची हुबेहूब प्रत काढून घरी आणली, आणि आता ते तिच्यापासून अशी सीडी बनवायच्या खटपटीत होते जी घातल्यावर हे नवं मशीन आपण जुनंच आहोत असं समजून चालू होईल. त्यासाठी तिच्या सुरुवातीच्या ओळी बदलायच्या, त्या नव्या सीडीवर उतरवायच्या, मशीन बंद करून चालू करायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. दर खेपेला पाऊण तास.

नोंदवही गेली म्हणून दिल्लीतल्या मराठी मुलामुलींची लग्नं अडणार नव्हती, एवढं सबनीसांना कळत होतं. आशयची वेबसाइट चांगलीच होती. पण तिला कीबोर्डपाशी कुणी बसायला नको होतं आणि फोनपाशीही. थोड्याच महिन्यांत सबनीस निवृत्त होणार, हे क्वार्टर सोडून द्वारकेच्या फ्लॅटवर जाणार. द्वारका एका टोकाला, नोएडा दुसऱ्या. नोंदवहीचं काम नसेल तर इंदुमतीबाईंनी कुठल्या कारणाने एवढं लांब यायचं? रविवार जाईल, याची सबनीसांना भीती वाटत होती. सरळ भीतीच.

"परत एकदा लावा बघू," इंदुमतीबाई म्हणाल्या. "घोडं कुठे पेंड खातंय ते मला बघू द्या."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"बघायला कुठे कळावं लागतं?"

सबनीसांनी कप उचलून सीडी पुसली आणि घातली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या आणि नेहमीच्या ठिकाणी येऊन थिजल्या.

"ते काय होतं? शेवटून दुसरं. हजेरी असं काहीतरी."

सबनीस चष्मा वर करून पडद्यावर वाकले. मग खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, काय झालं?"

"हजेरी!" ते म्हणाले. "तेव्हा मीच ठेवलं होतं ते. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी त्या दिवसाची तारीख फ्लॉपीवर लिहून ठेवायचा. आल्या आल्या सही. आणि सीडीवर तर पुन्हा काही लिहिताच येत नाही!"

"म्हणजे तो बिचारा दारातच मस्टर शोधत उभा आहे?"

"सात वेळा!"

"सरकारी माणसाचा प्रोग्रॅम," इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सबनीस पाणी आणायला उठले आणि स्वयंपाकघरात एकटेच हसत उभे राहिले.

त्यांनी हजेरी आणि सगळ्या नोंदी मशीनच्या आतल्या डिस्कवर, एका वेगळ्या कप्प्यात लिहिल्या जातील अशी सोय केली. आठवी सीडी आत गेली. ओळी सरकल्या, थांबल्या, पुन्हा सरकल्या. पडदा निळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात तो जुना, ओळखीचा प्रश्न आला. आडनाव?

"आलं!" सबनीस उभेच राहिले. एकोणसाठ वर्षांच्या त्या गृहस्थाने खरोखर टाळ्या वाजवल्या. इंदुमतीबाईंनीही वाजवल्या. मग दोघांना जरा अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी चिवड्याचा डबा उघडला.

"एक नोंद करून बघायला हवी," सबनीस म्हणाले. "साठवली जाते की नाही ते कळेल. सांगा एखादं खोटं नाव."

"खोटं कशाला? माझं घाला."

त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. "तुमचं?"

"चाचणीच करायची ना? माझी माहिती मला तोंडपाठ आहे. चलो, लिहा. टिपणीस. इंदुमती. वय छप्पन्न."

सबनीसांनी छप्पन्न लिहिलं. मशीनने कर्कश शिट्टी दिली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'वय तपासा'. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा शिट्टी.

"काय म्हणतंय?"

"पंचेचाळीसच्या वर घेत नाही."

"हे कुणी ठरवलं?"

"मीच. तेव्हा."

"तेव्हा तुमचं वय किती होतं?"

सबनीसांनी चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला आणि परत ठेवला. "पंचेचाळीस," ते म्हणाले. "वाटलं, याच्यापुढे कोण येणार."

इंदुमतीबाईंनी फोनकडे पाहिलं. चौदा वर्षं याच टेबलाशी बसून त्यांनी फोनवर किती जणांना तुमचं वय बसत नाही म्हणून सांगितलं असेल, त्याचा हिशेब त्या करत असाव्यात. किंवा दुसराच कसला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पंचवीस लिहा. नाहीतरी पुसूनच टाकायचंय."

"नाही," सबनीस म्हणाले. "चूक आहे ती. दुरुस्त करायला हवी."

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ शोधून काढली. एवढीशी ओळ.

"किती करू? साठ? पासष्ट?"

"काढूनच टाका ना."

त्यांनी ती काढून टाकली. नववी सीडी तयार होईपर्यंत चिवड्याचा डबा अर्धा झाला. ऊन टेबलावरून उतरून सतरंजीवर गेलं होतं. मग पुन्हा निळा पडदा आला, पुन्हा टिपणीस, पुन्हा इंदुमती. छप्पन्न मशीनने बिनतक्रार घेतलं. भाग नऊ, इतर. शिक्षण बी.ए. शेवटचा प्रश्न, अपेक्षा.

"अपेक्षा," सबनीसांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"लिहा, दिल्ली सोडून जाणारा नको."

"आणि?"

"आणि काही नाही. बोलायला बरा असला म्हणजे झालं."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि नोंद साठवली. साठवली गेली. चाचणी खरं तर तिथे संपली होती. तरी त्यांनी स्थळं जुळवायचं बटण दाबलं. मशीनने सगळी नोंदवही पालथी घातली आणि उत्तर दिलं, शून्य.

"बघा!" इंदुमतीबाई हसल्या, पण नेहमीपेक्षा हळू. "गावभरची लग्नं जमवलीत, आणि माझ्या वाट्याला भोपळा."

"त्या वयाच्या कुणाची नोंदच नाही ना त्यात," सबनीस म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. तो नेहमी इंदुमतीबाई घ्यायच्या. आज सबनीसांनी घेतला.

"हो वैजयंतीबाई, चालू झाली. एकदम व्यवस्थित... नाही, आत्ता नका पाठवू कुणाला. एक नोंद राहिली आहे... नाही, उद्यावर नको. आजच करून टाकतो."

त्यांनी फोन ठेवला. नव्या नोंदीचं बटण दाबलं. पडदा कोरा झाला आणि वरच्या कोपऱ्यात प्रश्न येऊन उभा राहिला. सबनीस त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं हजारदा लिहिलेल्या त्या रकान्यात आज त्यांचा हात चालेना.

इंदुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. हातातला कप खाली ठेवला, पदराला बोटं पुसली आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "आडनाव?"

"तुम्हाला माहीत आहे की."

"माहीत असलं तरी विचारायची पद्धत आहे."

"सबनीस," ते म्हणाले, आणि पडदा नीट दिसावा म्हणून त्यांनी आपली खुर्ची जवळ घेतली.