खांडेनवमीला मी सगळं विसरलो

जरा वर बघा. अन्नपूर्णाबाईंच्या ओसरीत, लिंबू-मिरचीच्या शेजारी, भाकरीएवढा पांढरा चपटा डबा दिसतो ना? पोटावर हिरवा दिवा असलेला? तो मीच. वायफायचा डबा. माझं खरं नाव अ‍ॅक्सेस पॉइंट, पण ते इथं फक्त मला बसवणारा अकरम घेतो. लेकराला शाळेतल्या नावानं फक्त मास्तरच हाक मारतात ना, तसं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखे हजारो होते, सगळे एका तोंडावळ्याचे. तेव्हा मला ना गाव होतं, ना नाव. पोटाखाली चिकटवलेला एक लांबलचक आकडा, एवढीच ओळख. खोक्यात बसून मी ट्रकनं बुलढाण्याला आलो आणि तिथून धाड नावाच्या बाजारगावी, अकरमच्या दुकानात. मोबाइलच्या कव्हरांमागे चार महिने धूळ खात पडलो होतो. मला वाटलं, आयुष्य असंच जाणार.

पण धाडच्या पुढं, नाल्यापलीकडं, हे गाव आहे. टेकड्यांच्या कुशीत, अगदी खोलगट जागी. मोबाइलची रेंज येते ती टेकडीवरूनच परत फिरते. बोलण्यापुरती रेंज हवी असली तरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहावं लागतं. ग्रामपंचायतीत तारेचं इंटरनेट आलं, पण कचेरीला पाच वाजता कुलूप लागायचं. मग बचत गटाच्या बायांनी ठराव केला, की तिथून एक तार ओढून पारासमोरच्या घरावर डबा बसवायचा. ते घर गटाच्या अध्यक्षांचं, अन्नपूर्णाबाईंचं.

अकरम मला पिशवीत घालून आला तेव्हा बाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"अकरम, आता राहूकाळ आहे. दीड तास थांब बाबा," त्या म्हणाल्या.

"काकू, भिंतीले छिद्रच पाडायचं आहे. लग्न थोडी लावून राह्यलो!"

"छिद्र पाडलं की ते बुजत नाही. चांगल्या वेळेवर पाडू. तू चहा घे."

अकरमनं दोन चहा घेतले, चिवडा खाल्ला, आणि राहूकाळ टळल्यावर शिडी लावली. बाईंना मी देवघरात हवा होतो. अकरमनं समजावलं, "देवघरासमोर तुमच्या लोखंडी कोठ्या आहेत. त्याचा आवाज कोठ्यांतच अडकन. याले उंच, उघड्यावर पाहिजे. पार दिसला पाहिजे." म्हणून मी ओसरीत आलो. निळी तार माझ्या पाठीत बसली आणि दिवा लागला.

मग त्यानं लॅपटॉप मांडीवर घेऊन माझं बारसं केलं. "काकू, नाव काय ठेवू?"

"अन्नछत्र ठेव."

"आणि पासवर्ड?"

"तो कायले? पाणपोईले कोणी कुलूप लावते का?"

"रस्त्यानं जाणारा-येणारा सिनेमा पाहात बसन, काकू. मग गावातल्याचे फारम भरल्या जाणार नाहीत."

हे बाईंना पटलं. बराच विचार करून त्यांनी सोळा सोमवारांचं नाव आणि पुढं सोळा आकडा सांगितला. "हे मी मेल्यावरही विसरणार नाही," म्हणाल्या. अकरमनं मला कुलूप लावलं, आणि सगळं, आकड्यांच्या पत्त्यापासून कुलपापर्यंत, कॅलेंडरमधल्या श्रावणाच्या पानामागे लिहून दिलं.

तेव्हापासून पाराला रात झाली तरी झोप नाही असं झालं, हे मी अभिमानानं सांगतो. माझ्यातून काय जातं ते मी वाचत नाही. पोस्टमन पाकीट फोडत नाही. पण खाली उभ्या माणसाचा चेहरा दिसतोच. लेकाशी बोलणारी आई पदर सारखा करते, जणू तो समोरच आला आहे. कापसाचा भाव बघणारा माणूस आधी खोकतो, मग बघतो. आणि बोंडात गुलाबी अळी निघाली की लोक तिचा फोटो काढून माझ्याखाली येतात. अळी न लागणारं बीटी कपाशीचं बी नवीन होतं, तेव्हा म्हणे अळीचं नाव विसरले होते सगळे. मी आलो तेव्हा ते पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होतं.

पुष्पाबाई अशाच येत. शेजारचंच घर. दोन सालांमागं अळीनं त्यांची कपाशी आतून पोखरली, तेव्हा त्यांचे मालक मोतीराम पुण्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून गेले. ते म्हणत होते, वावर बटाईनं देऊ अन् तूही चल. पुष्पाबाईंनी माझ्याच खाली उभं राहून त्यांना सांगितलं होतं, "एक साल द्या मले. हे एकच. नाही जमलं तर गाठोडं बांधून येतो." आणि त्यांनी एकटीनं डवरे धरले, फवारे मारले. त्या साली बोंडं चांगली फुटली होती.

मग गेल्या नवरात्रात, अष्टमीच्या संध्याकाळी आभाळ फाटलं. फुटलेला कापूस चिखलात पडला, वावरात गुडघाभर पाणी. पीक विम्यासाठी नुकसान बहात्तर तासांच्या आत कळवायचं असतं, फोटोसकट. नवमीला सकाळी पुष्पाबाई पाण्यातून चालत गेल्या आणि फोटो काढून आणले.

आणि त्याच सकाळी माझ्या घरी खांडेनवमी होती.

त्या दिवशी पोटाला देणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. अन्नपूर्णाबाईंनी विळा, पावशी, डवरा, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, सगळं घासूनपुसून ओळीनं मांडलं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "तूही राबतोस ना रे वर्षभर," असं म्हणून त्या स्टुलावर चढल्या. ओल्या फडक्यानं मला पुसलं. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे. त्यात धूळ बसली होती. मळक्या देहाची पूजा कशी करायची? त्यांनी गोधडीचं दाभण आणलं आणि भोकातली धूळ कोरून कोरून काढली. दाभण आत रुतवून चांगले दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवलं.

माझा दिवा लाल झाला, भराभर लुकलुकला. "पावला!" बाई म्हणाल्या आणि मला हळद-कुंकू लावलं.

मी मात्र अन्नछत्र राहिलो नव्हतो. माझं नाव गेलं, कुलूप गेलं, घर गेलं. मी पुन्हा कारखान्यातला लांबलचक आकडा झालो. त्यांचा तरी काय दोष? माझ्या विसरण्याचं बटण भोकात लपवलंय, हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

दुपारी पुन्हा पाऊस, आणि वीज गेली. दसरा अंधारातच झाला. वीज आली ती एकादशीला, दुपारी तीनला. पुष्पाबाई धावत आल्या. संध्याकाळी सहाला बहात्तर तास संपत होते.

"काकू, अन्नछत्र दिसूनच नाही राह्यलं वो फोनमंदी!"

विम्याच्या फोनवर नुसतं गाणं वाजत होतं. नाल्याच्या पुलावरून पाणी, धाडला जायची सोय नाही. शेवटी पुष्पाबाई गच्चीवर टाकीपाशी गेल्या आणि अकरमला फोन लावला. तो नाल्याच्या पलीकडं अडकलेला.

वरून आवाज आला, "काकू, अकरम इचारते, मागच्या भोकात कोणी काही घातलं काय?"

अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या अंगावरच्या कुंकवाकडं पाहिलं. मग जिन्याच्या तोंडाशी गेल्या.

"मी घातलं, पुष्पे. दाभण. साफ करत होतो. माझ्या हातानं तुयं वर्ष बुडवलं मी."

वरून पुष्पाबाई ओरडल्या, "तुमी घातलं ना? मग तुमीच शिकवा आता त्याले. अकरम म्हंते, सगळं पयल्यापासून सांगा लागन. माया फोनले नऊच टक्के आहे, लवकर!"

बाईंची एकादशी होती. साबुदाण्याची उसळ झाकून ठेवलेली. त्यांनी देवाकडं तोंड करून हात जोडले, "हिचं काम होईस्तोवर पाणीही घेणार नाही," आणि श्रावणाचं पान उलटून समोर ठेवलं. स्वतःचा फोन हातात घेतला.

"अकरम म्हंते, डब्याच्या पोटाखालचा आकडा पाहा! तेच नाव फोनमंदी दिसन!"

"दिसलं! आता?"

"आता पानावरचा पत्ता टाका! एक, नऊ, दोन, टिंब!"

"टिंब कुठी असते वो?"

"खालीच असते म्हंते! टिकलीएवढं!"

एकेक टिकली लावत बाई पत्त्यापर्यंत पोचल्या आणि माझं दार उघडलं. मी त्यांना विचारलं, देश कोणता? त्यांनी भारत निवडला. मी विचारलं, नाव काय ठेवू? त्यांनी पानावर बघत एकेक अक्षर दाबलं. मी कुलूप मागितलं. तिथं मात्र त्यांनी पान बाजूला सारलं. ते त्यांना पाठ होतं.

"अकरम म्हंते, सगळं आधीसारखंच ठेवा! एका अक्षराचाही फरक नको! म्हंजे गावातले फोन याले आपोआप वळखतीन! मंग जतन करा दाबा, अन्... काकू, फोन बंद पडला माया!"

बाईंनी डोळे मिटले. दाबलं.

मी एकदा विझलो. मग लाल, मग पिवळा, मग हिरवा. आणि पारावरून, चावडीवरून, समोरच्या पानटपरीवरून फोन टुणटुण वाजायला लागले, एकामागून एक. कोणीतरी ओरडलं, "आलं बे, अन्नछत्र आलं!"

पुष्पाबाईंचा फोन माझ्याच खालच्या सॉकेटला लावला. तो जागा व्हायला जी चार मिनिटं लागली, ती मी मोजली आहेत. ओल्या कापसाचे पाच फोटो माझ्यातून गेले. एवढं जड मी कधी काही वाहिलं नव्हतं. पाच वाजून बावन्न मिनिटांनी नोंद झाल्याचा क्रमांक आला. पुष्पाबाईंनी तो मोठ्यानं एकदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मध्येच त्या रडायला लागल्या.

"रडू नको वं. उसळ थंड झाली," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि दोघींनी एकाच ताटलीत खाल्ली.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. अकरम आला. बाईंनी त्याच्या हातावर दसऱ्याचं शिळं सोनं ठेवलं. तो पानांकडं बघून हसला, "काकू, आता तुमीच दुकान टाका. मी येतो तुमच्या हाताखाली." मग मला तपासलं आणि म्हणाला, "एकही चूक नाही." बाईंनी आत जाऊन काहीतरी आणलं, स्टुलावर चढल्या आणि माझ्या पाठीवर, त्या भोकावर, एक लाल टिकली चिकटवली.

नंतर विम्याची माणसं आली, पुष्पाबाईंच्या वावरात उभी राहून लिहून गेली. हातात काय आलं ते पुष्पाबाईंनाच ठाऊक. पण यंदाही त्या इथंच आहेत. वावरात कपाशी कमी आणि तूर जास्त आहे. मोतीराम पोळ्याला आले ते अजून परत गेले नाहीत.

आता उन्हानं माझा पांढरा रंग पिवळा पडत चालला आहे. कधीतरी माझ्याहून चलाख डबा या खिळ्यावर येईल. त्याला माझा सलाम. तुमच्याही घरी एखादा असेल, तर एवढंच मागतो. त्याची पूजा करा, नाही कशी म्हणू? पण कोरडं फडकं पुरे, दाभण नको. आणि त्याचं नाव, कुलूप कुठंतरी लिहून ठेवा. तुम्ही म्हणाल, तू सगळं विसरलास, मग हे कसं आठवतं? दाभणानं माझं नाव पुसलं गेलं. खाली उभ्या राहणाऱ्यांचे चेहरे त्या भोकात नव्हते.

उद्या पुन्हा खांडेनवमी आहे. खाली डवरा, विळा, पंप मांडून ठेवले आहेत. मघाशी अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडं पाहून दुरूनच हात जोडले, आणि मग स्टुलावर चढून टिकली तेवढी बदलली. जुनीचा गोंद सुटला होता.