माझ्या कपाळावरचं नाव

मी एक फाइल बोलतेय, आणि आज पोटभर बोलणार आहे. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माझा मुक्काम.

उत्कर्षाने मला जन्म दिला. कॅमेऱ्यातून टॉवेलमधला तुटका धागा हेरणारा प्रोग्राम तिने पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. पण तो बैलगाडीच्या चालीने चाले आणि टॉवेल केव्हाच पुढे निघून जाई. म्हणून त्यातलं जड काम तिने वेगाने चालणाऱ्या सी भाषेत लिहिलं. तो कोड कुठे ठेवलाय, त्याला काय जोडायचं आणि त्यातून पायथनला चालेल असा भाग कसा बांधायचा, हे कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, सांगणारी ती मी. मी कितीदा तरी चुकले, पण ती वैतागली नाही. जमलं तेव्हा तिने माझ्या कपाळावर, अगदी पहिल्या ओळीत, आपलं नाव लिहिलं.

मग आले तिचे साहेब, दिग्विजय. आयत्या बिळावर नागोबा! त्यांनी तिचं नाव पुसून स्वतःचं घातलं, सगळं मीच केलं असं मालक बसवराजांना सांगितलं आणि आता हिची गरज नाही म्हणत तिला दुधनीला घरी पाठवलं. वर कॉम्प्युटरवरचं तिचं फोल्डरही आतल्या सी कोडसकट उडवून टाकलं. त्या दिवशी मी डूख धरला.

बांधलेला भाग बिनबोभाट चालत होता, त्यामुळे मला कुणी विचारत नव्हतं. परवा पायथनची नवी आवृत्ती घातली आणि तो भाग पुन्हा बांधायची वेळ आली. साहेबांनी ऐटीत मालकांना बघायला बोलावलं आणि मला चालवलं.

मी कंपायलरला जुनाच पत्ता दिला. पडद्यावर अक्षरं उमटली: उत्कर्षाच्या फोल्डरमधली फाइल सापडत नाही. नाव बदलताना साहेबांनी मला पुरतं वाचलंच नव्हतं.

"सगळं तुमी केलंय म्हणालता की," बसवराज म्हणाले. "मग हितं उत्कर्षा कशी?"

मालकांनी तिला फोन लावला. कोडची प्रत तिच्याकडे होती, आणि तिने ते लपवलंही नाही.

"देते की सर," ती म्हणाली. "पण ते दिग्विजय सरांनी लिहिलंय ना? परत लिहायला त्यांना किती वेळ लागतोय?"

मालकांनी खुर्ची ओढली. "लिहा. मी हितंच बसतो."

साहेब बसलेत. पडदा अजून कोरा आहे आणि माझ्या जिवाला कसं गार वाटतंय. वाचकहो, तुमच्यात कुणाला सी येत असेल तर हात जोडते, एवढ्यात त्यांच्या मदतीला धावू नका.