पॅड मात्र हेच

मिस्त्रींनी ब्रेकची जुनी डिस्क टेबलावर अशी आदळली, की चहाचा रिकामा कप बशीत उडाला आणि समोर उभा असलेला जावई एक पाऊल मागे सरकला.

"ही डिस्क आहे की चाळणी?"

जावयाने लांबूनच मान वाकवून बघितलं.

"या, जवळ या. चावत नाही ती." मिस्त्रींनी विजेरी धरली. डिस्कवर भोकांच्या रांगा होत्या आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसाएवढ्या बारीक चिरा गेल्या होत्या. कडा तापून तापून निळ्या पडल्या होत्या. "दिसायला काय छान! चाकातून भोकं दिसतात, लोक वळून बघतात. आणि एक दिवस भर वेगात हिचे दोन तुकडे होतात. तुम्ही दातांचे डॉक्टर ना? अशी चीर गेलेला दात ठेवता का पेशंटच्या तोंडात?"

"नाही ठेवत."

"मग?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणली गाडी, बाबा."

'बाबा' हा शब्द या माणसाच्या तोंडून ऐकला की मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत जावई कधी उलट बोलला नव्हता, कधी आवाज चढवला नव्हता, आणि मिस्त्रींना नेमकं हेच सहन होत नव्हतं. अरे, भांडायला समोर कुणीतरी लागतं की नाही! मिस्त्रीही काही कमी नव्हते. त्यांनी जावयाला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. 'तुम्ही' म्हणायचं आणि चार हात लांब ठेवायचं, हा त्यांचा हिशेब.

दातांच्या डॉक्टरने दात बघावेत. पण याने लग्नानंतर वर्षभरातच ही बुटकी, रुंद, गुरगुरणारी गाडी घेतली आणि महिन्यातून एक रविवार ती शहराबाहेरच्या ट्रॅकवर पळवायला लागला. आज सकाळी हीच गाडी लिफ्टवर चढवताना त्याने तीनदा पुढे-मागे केली होती आणि शेवटी ब्रेक असा दाबला होता, की स्वतःचंच कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं. मिस्त्रींना हसू आलं होतं आणि संतापही. लिफ्टवर नीट चढवता येत नाही आणि निघाले ट्रॅक गाजवायला! उद्या याचं काही बरंवाईट झालं, तर घरी बसलेल्या आपल्या पोरीने काय करायचं?

त्यांनी फळीवरून दोन नव्या डिस्क काढल्या. जड, बिनभोकांच्या, वर फक्त तिरक्या उथळ खाचा.

"या बसवतो. कुणी वळून बघणार नाही. पण तापल्या तरी तडकायच्या नाहीत, आणि डिस्कला घासणाऱ्या पॅडची भुकटी या खाचांतून बाहेर पडते. का म्हणून विचारणार नाही?"

"डिस्क तुम्ही म्हणाल त्या," जावई म्हणाला. त्याने पिशवीतून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. "पॅड मात्र हेच."

मिस्त्री खोक्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसापुढे बाहेरून आणलेला माल ठेवायचा, म्हणजे जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने घरून डबा आणण्यासारखं झालं. त्यांनी नखाने चिकटपट्टी फाडली. आत काळे, खरखरीत, शर्यतीचे पॅड होते. माल उत्तम होता, त्यामुळे त्यांना आणखीच राग आला.

"कुणी डोक्यात भरवलं हे?"

"मीच ठरवलं."

"हे थंड असताना धरत नाहीत, माहीत आहे? सकाळी दवाखान्यात जाताना कुणी आडवा आला, तर गाडी थांबेपर्यंत तो पलीकडच्या चौकात पोचलेला असेल. शिवाय असे किंचाळतात, की गल्लीतली कुत्री मागे लागतील. माझ्याकडे रस्त्यावरचे चांगले पॅड आहेत. शांत. पहिल्या दाबाला धरणारे."

"पॅड हेच बसवायचे, बाबा."

"बरं. एवढं कळतं तर सांगा, आत्ताचे पॅड तापून पेडल मऊ कितव्या फेरीला पडतं?"

जावयाने खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी वाचलं आणि फोन परत ठेवला.

"चौथ्या. उतारावरच्या वळणाला."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला. गेल्या सहा वर्षांत त्यांच्यासमोर त्या वळणाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

त्याच उतारावर, चौथ्याच फेरीला, बारकीची गाडी भिंतीत घुसली होती. बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, हनुवटीला सात टाके पडले. गाडी मिस्त्रींनीच तयार केली होती. पोरीने ब्रेक उशिरा लावला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आल्यागेल्याला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, तिच्या खाटेशी उभं राहून तिलाही सांगितलं. वर, 'पुन्हा ट्रॅकवर पाऊल टाकलंस तर मला बाप म्हणू नकोस,' असं बजावलं. तिने मान हलवली. विषय तिथे संपला.

आणि आता त्या पोरीचा नवरा त्याच वळणाची गोष्ट त्यांना फोनात वाचून दाखवत होता.

"चार वाजता या," मिस्त्री म्हणाले.

जावई दारापर्यंत गेला आणि परत वळला. "हेच पॅड बसवाल ना? शब्द द्या."

"माझ्या कामावर शंका?"

"नाही. फक्त शब्द द्या."

"बसवतो म्हटलं ना! जा आता, पेशंट तोंड उघडून बसले असतील."

तो गेल्यावर मिस्त्रींनी नव्या डिस्क चढवल्या, पॅड दाबून धरणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन मागे सारले. मग त्यांनी ते खोकं उचललं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकलं. खालच्या कप्प्यातून त्यांनी आपले, रस्त्यावरचे चार पॅड काढले. एकदा चाक बसलं की आत कुठले पॅड आहेत हे बघायला कोण जातंय? हा तर मुळीच जाणार नाही.

असं करणं बरोबर नाही, हे त्यांना कळत होतं. पण मनात त्यांनी सगळी मांडणी करून ठेवली होती. हा भित्रा माणूस. दोन-तीन फेऱ्यांत पॅड तापतील, पेडल मऊ पडेल, याच्या तोंडचं पाणी पळेल. गाडी बाजूला घेईल आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. कायमची खोड मोडेल. पोर सुखाने झोपेल. बारकीची गोष्ट वेगळी होती. ती भीत नव्हती, म्हणून भिंतीत गेली. हा भिणारच.

उजवं चाक, डावं चाक. नट आवळताना त्यांनी शीळसुद्धा घातली.

पिस्टन मागे सारल्यावर पेडल पहिल्यांदा मोकळंच खाली जातं. चार-सहा वेळा दाबून ते वर आणावं लागतं. ते काम राहिलं होतं. मिस्त्री लंगडत आले आणि गाडीत बसले. आज पहिल्यांदाच ते या गाडीत बसत होते. एरवी जावयाची गाडी म्हटल्यावर त्यांनी तिच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

त्यांचा उजवा घोटा वीस वर्षांपूर्वी जॅक निसटून चेचला गेला होता. तेव्हापासून ते बिनक्लचची गाडी चालवायचे, आणि रेसवर उजवा पाय, ब्रेकवर डावा. चारचौघांच्या दृष्टीने ही चुकीची सवय. परवान्याच्या परीक्षेत यावरून बारकीलाही साहेबाने दोनदा नापास केलं होतं, कारण ती बापाच्या शेजारी बसून बसून शिकली होती. तिसऱ्या वेळी तिने साहेबापुरता उजवा पाय वापरला आणि परवाना घेऊन दारातून बाहेर पडताच पुन्हा डावा.

या गाडीलाही क्लच नव्हता. मिस्त्रींनी डावा पाय पेडलवर ठेवला. पाय आपोआप जागेवर बसला.

त्यांनी पाय उचलला, परत ठेवला. मग वाकून विजेरी मारली. ब्रेकच्या रबराची उजवी बाजू नवी कोरी होती, तिचे उंचवटे जसेच्या तसे. डावी कड मात्र झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे टाचेपर्यंतचा नाही, नुसत्या चवड्याचा खळगा पडला होता. छोट्या चवड्याचा.

या शहरात डाव्या पायाने ब्रेक दाबणारी दोनच माणसं त्यांच्या माहितीची होती, आणि त्यातला एक आत्ता या गाडीत बसला होता.

मिस्त्रींनी विजेरी विझवली. पेडल दाबायचं भानच उरलं नाही. सकाळपासून त्या डॉक्टरला ते वाट्टेल ते बोलत होते आणि तो मूग गिळून उभा होता. तो फोनात वाचत होता, ते कुणी लिहून दिलं होतं? डिस्क तुम्ही म्हणाल त्या, पॅड मात्र हेच. हे वाक्य त्याचं नव्हतंच. डिस्कच्या बाबतीत तिचा बापावर विश्वास होता. पॅडच्या बाबतीत नव्हता.

म्हणजे तिला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. त्या दिवशीही शर्यतीचे पॅड खोक्यातच राहिले होते. ब्रेक जरा हलके असले की पोर बेताने चालवेल, असा विचार करून मिस्त्रींनी तेव्हाही खालच्या कप्प्यातलेच पॅड बसवले होते. तिने ब्रेक वेळेवर लावला होता. पेडल खाली गेलं होतं, एवढंच. आणि हनुवटीचे टाके ओले असताना, तिच्या उशाशी उभं राहून बापाने तिला सांगितलं होतं, की चूक तुझी.

मिस्त्री गाडीतून उतरले. राग गेला नव्हता. शब्द मोडला म्हणून पोरीचा राग होता, खोटं बोलला म्हणून जावयाचा होता, पण तिसरा राग या दोघांपेक्षा मोठा होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. त्यांनी गाडी पुन्हा वर घेतली आणि पहिल्या चाकाचे नट सोडायला सुरुवात केली.

जावई चारला आला तेव्हा एक चाक अजून खालीच होतं. टेबलावर चार पॅड पडलेले होते.

"हे कुठले?"

"माझे. बसवले होते. काढले."

जावयाने टेबलाची कड धरली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "तुम्ही शब्द दिला होता! काही कल्पना आहे का तुम्हाला? त्या गाडीत—"

तो मध्येच थांबला. मिस्त्री पाना हातात धरून वाट बघत होते.

"गाडीत काय?"

"गाडीत मी असतो," जावई म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

"हो. तुम्हीच असणार."

मिस्त्रींनी खोक्यातले उरलेले पॅड चढवले, शेवटचं चाक बसवलं, नट आवळले, सगळ्यांवरून पुन्हा एकदा पाना फिरवला. मग गाडीत बसून पेडल कडक होईपर्यंत दाबलं. उतरताना त्यांनी खिशातून झिजलेलं रबर काढून जावयाच्या हातात ठेवलं.

"पेडलचं रबर बदललंय. डावीकडून गुळगुळीत झालं होतं. पाय घसरला असता."

जावयाने ते रबर उलटसुलट करून बघितलं. अंगठा त्या खळग्यावर आला, तसा तो थांबला. मग त्याने मूठ मिटली.

"नवे पॅड आहेत," मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाले. "आधी दहा वेळा वेग घेऊन जोरात ब्रेक लावायचा, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही. गरम असताना थांबली तर पॅडचा डाग बसतो डिस्कवर, मग गाडी जन्मभर थरथरते."

जावयाने फोन काढला.

"लिहू नकोस. घरी पाठ आहे ते."

'नकोस' ऐकून जावयाने वर बघितलं. मिस्त्रींनी हात पुसायला फडकं घेतलं होतं आणि हात स्वच्छ झाले तरी ते पुसतच होते.

"घरी जाताना तू पुढच्यापासून लांब राहा. थंड असताना धरत नाहीत, सकाळी सांगितलंय."

"हो, बाबा."

जावई गाडीत बसला. आपल्या उजव्या पायाने चाचपडत त्याने ब्रेक शोधला, आणि गाडी दोन हिसके खाऊन दाराशी आली. मिस्त्री लंगडत काचेपाशी गेले. काच खाली झाली.

"आणि बारकीला सांग, सहा वर्षांपूर्वी तू ब्रेक उशिरा लावला नव्हतास, म्हणावं."

जावयाने मान डोलावली.

"निघ आता. दार अडवून ठेवलंयस," मिस्त्री म्हणाले आणि टेबलावरचे चार पॅड उचलून त्यांनी ते भंगाराच्या पिंपात टाकले.